मामंजींच्या नावाने

लिफ्ट बसवून देणाऱ्या आणि अडकलेल्या लिफ्टमधून माणसं सोडवणाऱ्या त्या कंपनीत मामंजी नावाचा माणूस कुणी नव्हता. मामंजी हा सर्व्हर होता. यंत्र नव्हे, यंत्र नुसतं कपाटाएवढं, काळं, तळमजल्यावरच्या काचेच्या खोलीत गुरगुरत असायचं. मामंजी म्हणजे त्या यंत्रात ठाण मांडून बसलेला भला थोरला प्रोग्राम, ज्याच्या खांद्यावर बसून कंपनीचे बाकीचे सगळे प्रोग्राम चालायचे. तक्रारी घेणारा, मेकॅनिक पाठवणारा, बिलं काढणारा, रजा मांडणारा, सगळेच. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं आणि त्यात 'एंटरप्राइझ' हा शब्द दोनदा यायचा. पण ते नाव पुरतं उच्चारून होईपर्यंत तो एकदा बंद पडून जायचा, म्हणून फोनवरच्या ताईंनी त्याला मामंजी म्हणायला सुरुवात केली. उठायला वेळ, उठल्यावर खाकरायला त्याहून वेळ, कुठलीही गोष्ट सरळ विचारलेली खपत नाही आणि दोघांनी एकदम हाक मारली की आतून कडी लावून बसायचं. नाव असं चपखल बसलं, की खुद्द साहेबसुद्धा मीटिंगमध्ये गंभीर चेहऱ्याने विचारू लागले, "मामंजी उठले का?"

मामंजी आले म्हणजे सून आलीच. ती होती कंपनीतली सगळ्यांत जुनी प्रोग्रामर. मामंजींची मर्जी सांभाळता सांभाळता तिचं खरं नाव लोक विसरले होते आणि तिच्या जेवणाच्या डब्यावरसुद्धा कुणीतरी 'सूनबाई' अशी चिठ्ठी चिकटवून ठेवली होती. कंपनीने तिला घेतलं होतं नवे प्रोग्राम लिहायला. पण मामंजी घरात आल्यापासून तिचं सगळं आयुष्य त्यांना उठवण्यात, बसवण्यात आणि पुन्हा उठवण्यात चाललं होतं.

त्यांचे नखरे सांगावे तेवढे थोडे. एकदा बिलं विभागातल्या एका गृहस्थाने सकाळी मामंजी सुरू करायचं बटण दाबलं आणि ते समोरच्या दुकानात दाढी करायला गेले. परत आले तरी पडद्यावर 'कृपया थांबा'. ते थांबले. मामंजी उठले तेव्हा या गृहस्थांची दाढी पुन्हा वाढलेली होती, आणि ती आता गळ्यापर्यंत रुळते आहे ती त्याच बसण्यातली, असं ताई शपथेवर सांगतात. मामंजींना चूक सापडली तर ती सरळ सांगणं त्यांच्या शानीत बसत नसे. एखादा स्वल्पविराम राहून गेला असला, तर ते आपली वंशावळच वाचायला घेत: अमक्याने तमक्याला हाक मारली, तमक्याने ढमक्याला मारली, ढमक्याच्या पोटात अमुक फुटलं. पानंच्या पानं ओसंडून जात आणि नेमकं जिथे चूक कळायची वेळ यायची, तिथे शेवटची ओळ असे: 'आणि आणखी बरेच.' सेटिंग्जच्या फायली तर इतक्या होत्या, की त्यांची आपसांत ओळख नव्हती. एकीत लिहिलेलं दुसरीला पटत नसे आणि तिसरी दोघींच्या नकळत तिसरंच काहीतरी करून ठेवी. दर वर्षी नवी आवृत्ती यायची. तिच्यात जुन्या खोडी तशाच असायच्या, फक्त आता त्यांना रंगीत चित्रं असायची.

हे सगळं सूनबाईने सोसलंही असतं. तिचा जीव अडकला होता तो 'धाव'मध्ये.

'धाव' हा तिने स्वतः लिहिलेला एकुलता एक प्रोग्राम. कुठेतरी लिफ्ट अडकली, आत माणूस आहे, फोन आला, की कुठला मेकॅनिक सगळ्यांत जवळ आहे, त्याच्याकडे त्या लिफ्टची किल्ली आहे का, तो मोकळा आहे का, हे एका दमात ताडून त्याला पाठवायचं. तिने तो मोठ्या प्रेमाने लिहिला होता. चाचणीत तो डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर द्यायचा. मामंजींच्या खांद्यावर बसवल्यावर मात्र मामंजी आधी त्याची चौकशी करायचे: कोण तू, कुठला, कुणाच्या परवानगीने आलास. ती संपेपर्यंत लिफ्टमधला माणूस छताची झडप उघडून बाहेर यायचा, घरी जायचा, जेवायचा आणि मग निवांत तक्रार करायला फोन करायचा. एक वयस्क बाई तर आत इतका वेळ होत्या, की त्यांनी पिशवीतली लोकर काढून स्वेटरची बाही विणून संपवली. बाहेर आल्यावर त्यांनी सूनबाईच्या हातात ती बाही ठेवली आणि म्हणाल्या, दुसरी तुमच्या पुढच्या लिफ्टमध्ये. सूनबाई हसली, पण त्या दिवशी तिला डबा गोड लागला नाही.

तेवढ्यात मामंजींचा करार संपत आला. साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, की या वेळी कंपनी डोळे झाकून सही करणार नाही, दुसरं काही चांगलं असेल तर दाखवा, तुमच्याइतकं त्याला कोण ओळखतं. सूनबाईला वाटलं, उगवला एकदाचा दिवस. तिने अडगळीतला एक जुना कॉम्प्युटर उचलला, झटकला, आणि त्यावर एक छोटासा सर्व्हर चढवला. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेला, फुकटचा, अंगाने काडी. त्याचं नाव तिने टिल्लू ठेवलं. शहराच्या एका भागाचं काम महिनाभर टिल्लूवर चालवून बघू, असं ठरलं.

टिल्लूने महिनाभर नुसता धुमाकूळ घातला. बटण दाबायला बोट उचलावं तर तो आधीच उठलेला. चूक झाली तर एका ओळीत सांगायचा, अमुक ठिकाणी अमुक राहिलं, आणि गप्प बसायचा. 'धाव' त्याच्यावर अशी सुटली, की लिफ्ट अडकल्याचा फोन ठेवायच्या आत मेकॅनिकच्या खिशात निरोप वाजलेला असे. सूनबाई रोज संध्याकाळी उजेडात घरी जाऊ लागली. नवऱ्याने पहिल्या दिवशी दार उघडून विचारलं, बरं वाटत नाही का.

महिना संपल्यावर मीटिंग बसली. टेबलाच्या एका टोकाला साहेब, उजवीकडे उस्ताद, म्हणजे सगळ्या मेकॅनिकांचे मुख्य, डावीकडे बिलं विभागाचे काका, तेच दाढीवाले. सूनबाईने आकडे दाखवले. सगळ्यांनी माना डोलावल्या. उस्ताद म्हणाले, असा सर्व्हर त्यांनी जन्मात पाहिला नाही. काका म्हणाले, तोंडात बोट घालायची वेळ आली. साहेबांनी तर टेबलावर हात मारला. आणि मग तिघांनीही एकदम असा श्वास सोडला, की आता 'पण' येणार हे सूनबाईला कळलं.

"हा टिल्लू आहे कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

"कुणाचाच नाही. सगळ्यांचा आहे. फुकट आहे."

"म्हणजे बेवारशी."

"साहेब, बेवारशी काय, तो चालतो."

"चालतो हो. पण समजा बंद पडला, तर ओरडायचं कुणावर?"

"माझ्यावर ओरडा."

साहेब तिच्याकडे मायेने बघत राहिले. "तुमच्यावर ओरडून काय उपयोग, सूनबाई? तुम्ही लगेच दुरुस्त कराल."

साहेबांची अडचण खरी होती. कारण ओरडण्याची व्यवस्था कंपनीत खरोखरच फार वरच्या दर्जाची होती. मामंजी बसले, की मामंजी विकणाऱ्या कंपनीचा एक माणूस तासाभरात हजर व्हायचा. सगळे त्याला सोशिक म्हणत. इस्त्रीचा सदरा, हातात बॅग, चेहऱ्यावर आपल्याच घरात काहीतरी घडल्याचं दुःख. तो साहेबांच्या टेबलासमोर मान खाली घालून उभा राहायचा आणि साहेब ओरडायचे. दार उघडंच असायचं. साहेबांचा दम संपला की उस्ताद आत जायचे, उस्तादांनंतर काका. सोशिक कधी उलटून बोलला नाही. योग्य जागी त्याचा ओठ थरथरायचा. त्यांच्या कंपनीत म्हणे त्याचं शिक्षणच देतात. पहिलं वर्ष नुसतं मान खाली घालण्याचं, दुसऱ्या वर्षी डोळ्यांत पाणी आणणं आणि ते खाली पडू न देणं. साहेबांचा रक्तदाब त्याच्यामुळे इतका उतरला, की डॉक्टरांनी गोळी बंद केली आणि सोशिकला आठवड्यातून एकदा तरी बोलवत जा म्हणून बजावलं. मामंजी नंतर आपणहून उठायचे किंवा सूनबाई उठवायची. पण तोवर सगळ्यांना कसं मोकळं मोकळं वाटलेलं असायचं.

उस्तादांनी मग आणखी मुद्दे काढले. मोठमोठ्या कंपन्यांत मामंजीच आहेत. एवढे सगळे काय वेडे आहेत का? मामंजी घेतले म्हणून कुणाची नोकरी गेल्याचं ऐकिवात नाही, टिल्लू घेऊन उद्या काही झालं तर पहिला प्रश्न येईल, की हे सोनं कुणी आणलं. साहेब म्हणाले, वरच्या मंडळींनी विमानतळावर मामंजींची पाटी बघितलीय, चांगली भिंतभर. टिल्लूची पाटी कुठे आहे? टिल्लूला पाटी नव्हती. सूनबाईने एकेका मुद्द्याला उत्तर दिलं आणि प्रत्येक उत्तराला तिघांनी पुन्हा मान डोलावली. मान डोलावणाऱ्या माणसांशी भांडण करता येत नाही. ती भिंतीवर डोकं आपटण्यापेक्षा वाईट गत. भिंत निदान हो म्हणत नाही.

मामंजींचा करार पुन्हा झाला, या वेळी आधीपेक्षा लांब मुदतीचा.

मीटिंगनंतर जिन्यात काकांनी तिला गाठलं. माणूस मनाने वाईट नव्हता. इकडे तिकडे बघून तो दाढीतल्या दाढीत म्हणाला, "रागावू नकोस ग. तुझा टिल्लू बंद पडत नाही, हाच तर घोळ आहे."

"म्हणजे?"

मग काकांनी सांगितलं. टिल्लूच्या त्या महिन्यात फोन केलेल्या माणसाला मेकॅनिक किती वाजता निघाला ते कळायला लागलं. पूर्वी उस्ताद सांगायचे, सर्व्हर बंद आहे, आणि उस्तादांची माणसं चहा संपवून निघायची. आता चहा आणि सर्व्हर यांतला फरक गिऱ्हाइकाला दिसू लागला. खुद्द काकांची बिलं मामंजींच्या नावाखाली महिनाभर सुखाने लोळायची. त्या महिन्यात ती वेळेवर निघाली नाहीत, तेव्हा बोट सरळ काकांकडे आलं. साहेबांना वरच्या मंडळींपुढे पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने सांगावं लागलं, की उशीर झाला कारण मी विसरलो. नवऱ्याला उशिराचं कारण, बायकोला वाढदिवसाचं, बहिणीला न केलेल्या फोनचं, सगळ्यांना मामंजी पुरत होते. अख्खी कंपनी त्यांच्या सावलीत बसली होती. ती सावली सूनबाईने महिनाभर काढून घेतली होती आणि सगळ्यांना ऊन लागलं होतं.

"आम्ही सर्व्हर घेतच नाही ग," काका म्हणाले. "आम्ही सबब घेतो. तिच्याबरोबर सर्व्हर येतो."

घरी येताना सूनबाईच्या डोक्यात नुसता जाळ होता. राजीनामा द्यावा, हा विचार तिच्या मनात आला आणि लगेच 'धाव' डोळ्यांसमोर आली. आपण गेलो तर तिला मामंजींच्या दारात रांगेत उभं करून जायचं, आणि आत कुणीतरी बाही विणत बसायचं.

घरी तिचे सासरे पाण्याच्या पंपाचं बटण दाबत उभे होते. तिला ते रोजचंच. स्वयंपाकघराच्या दाराशी एक जुनं काळं बटण होतं. सासरे संध्याकाळी तिथे जायचे, बटण दाबायचे, कान टवकारून उभे राहायचे, आणि वरच्या टाकीत पाणी पडायला लागलं, की 'आलं' असं म्हणून खुर्चीत बसायचे. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून घराचं पाणी आपण चालवतो, याचा त्यांना फार अभिमान होता. आज डोकं फिरलेलं होतं म्हणून असेल, सूनबाईने पहिल्यांदाच त्या बटणाची वायर कुठे जाते ते नजरेने शोधलं. वायर भिंतीवरून वीतभर वर गेली होती आणि तिथे संपली होती.

तिने स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना हळूच विचारलं. सासूबाई काकडी चिरत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, की पंप कधीचा आपोआप चालतो, टाकी रिकामी झाली की सुरू, भरली की बंद. इलेक्ट्रिशियन ते बटण काढून टाकायला निघाला होता, त्यांनीच काढू दिलं नाही.

"मग बाबा रोज..."

"असू दे की. पूर्वी ते विसरले की आपण कोरडे. आणि बटण काढलं असतं, तर त्यांनी दुसरं काहीतरी चालवायला घेतलं असतं." सासूबाईंनी काकडीचा एक काप तिच्या तोंडात कोंबला. "काढायचं कशाला, बाई? लावून ठेवायचं. नुसतं कशाला जोडायचं नाही."

काकडी चावता चावता सूनबाई एकदम थांबली. मग तिने सासूबाईंना असं कवटाळलं, की हातातली सुरी खाली पडली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, ती कचेरीत एकटी गेली. मामंजींना तिने हातही लावला नाही. त्यांचं यंत्र, त्यांचे हिरवे दिवे, त्यांची गुरगुर, सगळं जागच्या जागी. फक्त जिथून सगळी कामं मामंजींच्या दारात यायची, तिथली वाट तिने वळवली. काचेच्या खोलीतल्या टेबलाखाली, कुणाचा तरी जुना रेनकोट टांगला होता त्याच्या आड, तिने टिल्लूला बसवलं आणि सगळी कामं त्याच्याकडे सोडली. लोकांना सकाळी पडद्यावर मामंजींचं बोधचिन्ह दिसायची सवय होती, म्हणून तेही तिने टिल्लूच्या कपाळावर चिकटवलं, आणि 'कृपया थांबा' ही पाटी उगाच क्षणभर लावून ठेवली. नाहीतर कुणाला तरी संशय आला असता.

काम सुरळीत सुरू झालं. 'धाव' धावू लागली. आणि सबब? ती तर आणखी खुलली. मामंजी आता बसतच नसल्यामुळे ते कधी बसले होते हे ज्याने त्याने आपापल्या सोयीने ठरवायचं. मेकॅनिक किती वाजता निघाला हे गिऱ्हाइकाला कळवणं सूनबाईने बंद केलं होतं. मेकॅनिक पोचल्याशी मतलब. लिफ्टमधल्या माणसासाठी तो लगेच निघे, कारण निरोप थेट खिशात वाजे आणि आत माणूस आहे म्हटल्यावर चहा कुणालाच गोड लागत नसे. नुसतं दिव्याचं किंवा घंटीचं काम असलं, की मामंजी बसत. काकांची बिलं पुन्हा निवांत लोळू लागली. साहेब वरच्या मंडळींना सांगत, काय करणार, मामंजी. आणि सोशिक आठवड्याला येऊन मान खाली घाली.

धोका होता तो त्याचाच. सोशिक ओरडा खाऊन झाल्यावर खाली येऊन मामंजींची नाडी बघत असे. पहिल्याच खेपेला त्याने पडद्यावर बघितलं. काम शून्य. एवढी कंपनी चालते आहे आणि मामंजी पंखा लावून पडले आहेत. त्याने बॅग खाली ठेवली. सूनबाई शेजारी उभी. आता हा वर जाऊन सांगणार, साहेब टिल्लूला उचलून फेकणार आणि आपल्याला त्याच्यामागोमाग.

सोशिकने रुमालाने कपाळ पुसलं. "इतकी वर्षं या धंद्यात आहे," तो म्हणाला, "पण एकदाही न पडलेले मामंजी पहिल्यांदा बघतोय." आणि बॅग उचलून निघून गेला.

सूनबाईने हुश्श केलं. पण ते जरा लवकरच झालं. सोशिकने आपल्या कंपनीला कळवलं, की अमक्या ठिकाणी मामंजी अखंड उभे आहेत. हे ऐकून मामंजींच्या कंपनीत म्हणे लोक खुर्च्यांवरून उठून उभे राहिले. त्यांच्या स्वतःच्या कचेरीतसुद्धा मामंजी इतके उभे राहिले नव्हते. त्यांनी लागलीच ठरवलं, की आता नव्या गिऱ्हाइकाला दाखवायचं ते याच ठिकाणी न्यायचं. साहेबांना कळल्यावर साहेब फुलून आले. त्यांनी काचेची खोली धुऊन घेतली आणि सूनबाईला सांगितलं, पाहुणे येतील तेव्हा मामंजींची स्तुती तुम्हीच करायची.

पाहुणे आले. शीतगृहांची मोठी कंपनी, फळं आणि मासे गार ठेवणारी. त्यांचे साहेब आपल्या साहेबांपेक्षा वीतभर उंच आणि तितकेच मोठ्याने हसणारे. बरोबर त्यांचा प्रोग्रामर, किडकिडीत, डोळ्यांखाली काळं, सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात. दोन्ही साहेब आणि सोशिक काचेबाहेर उभे राहून एकमेकांच्या पाठीवर थाप मारू लागले आणि प्रोग्रामरला सूनबाईबरोबर आत पाठवलं, तांत्रिक काय ते बघून घ्या म्हणून.

 पडद्याकडे त्याने बघितलंही नाही. सरळ मामंजींच्या काळ्या अंगावर तळहात टेकवला.

"गार आहे," तो म्हणाला.

"पंखे चांगले आहेत आमचे."

"ताई, आधीच्या नोकरीत मी याच्याबरोबर संसार केलाय. आम्ही याच्यावर डबे गरम करायचो." त्याने हात काढला नाही. "हा काम करत नाहीये."

सूनबाईने काचेकडे बघितलं. पलीकडे दोन्ही साहेब रंगात आले होते. या माणसाने नुसतं दार उघडून एक वाक्य टाकलं, की टेबलाखालचा रेनकोट दूर होणार, आणि 'धाव' पुन्हा मामंजींच्या रांगेत. काहीतरी थाप मारून त्याला वाटेला लावावं, हे सोपं होतं. थापा तिला आता चांगल्या जमत होत्या. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन थरथरला. त्याने तो काढला नाही, बघितलाही नाही. अंगठ्याने, कापडावरूनच, दाबून गप्प केला. झोपेत डास मारावा तसा. मामंजींच्या अगदी वाईट दिवसांत सूनबाईचा अंगठासुद्धा असाच आपोआप चालायचा.

"तुमचे साहेब हा घेणार आहेत?" तिने विचारलं.

"घेतलाच समजा. मी महिनाभर नको म्हणतोय. ते म्हणतात, मोठमोठ्या कंपन्यांत आहे." तो कडवटपणे हसला. "वर सांगतात, सांभाळायला तू आहेसच."

"मग आता नको म्हणू नका. घेऊ द्या."

त्याने तिच्याकडे असं बघितलं, जणू हिनेही दगा दिला. सूनबाईने आवाज आणखी खाली आणला.

"घ्या, खोली द्या, दिवे लावून ठेवा. ओरडायला माणूस देतात तो फार गुणी आहे, त्याचा मान ठेवा. फक्त याला कामाला लावू नका."

"आणि काम?"

ती टेबलापाशी गेली, गुडघे टेकले आणि रेनकोट बाजूला सारला. किडकिडीत माणूसही शेजारी येऊन ओणवा झाला. टेबलाखाली धुळीत, पाठीचं झाकण निघालेल्या त्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये, टिल्लू एवढासा दिवा लुकलुकवत अख्खी कंपनी चालवत होता. त्याच वेळी एक निरोप आला आणि गेला. कुठेतरी कुणीतरी लिफ्टमधून बाहेर निघालं होतं. किडकिडीत माणूस आणखी खाली वाकला. मग खिशातून पेन काढून त्याने टिल्लूचं खरं नाव विचारलं आणि तळहातावर लिहून घेतलं.

काचेचं दार सरकलं. "काय हो, काय चाललंय खाली?" साहेबांचा आवाज.

सूनबाईचा हात रेनकोटाकडे गेला. रेनकोट ओढायला वेळ नव्हता. पण किडकिडीत माणूस तिच्याआधी बोलला, टेबलाखालूनच, मोठ्याने आणि मनापासून.

"साहेब, असा सर्व्हर मी जन्मात बघितला नाही."

"ऐकलंत?" पाहुण्यांचे साहेब म्हणाले. "महिनाभर नाक मुरडत होता."

दोन्ही साहेब आत शिरणार, तेवढ्यात सोशिकने टेबलाकडे एक नजर टाकली, सदरा सारखा केला आणि त्या दोघांच्या मधून अदबीने वाट काढत त्यांना खिडकीकडे वळवलं. तिथे उजेड बरा होता. मग त्याने बॅग उघडली आणि करार किती वर्षांचा करू या, ते विचारलं.